बेल वाजवून घरात येणारा

हातात किल्ली असायची, तरी हा माणूस स्वतःच्या घराची बेल वाजवायचा. शारजात अल मजाजला आमची दारं समोरासमोर. बेल वाजवून दोन पावलं मागं सरकायचा आणि आतून "आइए" ऐकू आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. असा माणूस तुमच्याही मजल्यावर राहून गेला असेल. बघा आठवून.

पूर्वी असं नव्हतं. तेव्हा ते एका सरकारी खात्यात कंत्राटावर ड्राफ्ट्समन होते. लिफ्टमधून बाहेर पडता पडताच आरोळी, "शुभांगी, चहा टाक गं!" मग खात्याचं काम निधीअभावी थांबलं आणि यांना बिनपगारी रजेवर बसवलं. गळ्यातलं ओळखपत्र मात्र काही उतरेना. विचारलं की एकच उत्तर, "फाइल वर गेलीये, वहिनी. चालू होईल, इन्शाल्ला."

पण घरभाडं थोडंच रजेवर जातं? इथं वर्षभराच्या भाड्याचे चेक घरमालकाला आधीच देऊन ठेवायचे. एक जरी परत गेला तरी कोर्टकचेरी, आणि घर मध्येच सोडावं तर दंड. म्हणून त्यांनी बेडरूम एका मल्याळी जोडप्याला दिली. हॉलमध्ये पडदा लावून त्याच्या आड हे तिघं. "आमचा वन बीएचके होता, आता बघा, टू झाला!" म्हणाले. मी हसले, शुभांगी हसली नाही. लेक दहावीत. तिचं वर्ष इथंच पुरं व्हावं, तिघं एकत्र राहावीत, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. एकदा पडद्याआडून तिचा आवाज आला, "पपा, धिस इज नॉट अवर हाउस." त्यांनी नुसतं "हळू बोल" म्हटलं.

पुढचा चेक जवळ आला तेव्हा पडद्याआडची जागाही द्यावी लागली. मायलेकी सांगलीला गेल्या. ज्यांच्यासाठी घर धरून ठेवलं त्याच गेल्या, आणि घर तेवढं गळ्यात राहिलं. हॉलमध्ये रत्नागिरीकडचे तिघे कामगार आले. हे दाराजवळ, चपलांच्या कपाटाशेजारी गादी टाकायचे.

मी एकदा चिडलेच. "अहो भाऊजी, घर तुमच्या नावावर. बेल कसली वाजवता?"

"बेडरूमवाली बाळंतीण आहे, वहिनी. असं कसं शिरायचं?"

लेकीला व्हिडिओ कॉल करायचा तो बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहून, मागं नावाची पाटी दिसेल असा. "ही बघ पाटी. आहे ना?"

"शो मी माय बेड, पपा."

"आत नेटवर्क नाही गं."

मी दाराआडून ऐकायची आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात जायची. दुसरं काय करणार होते?

अखेर शेवटचा चेक वटला. खजुराचा डबा घेऊन आले, "वहिनी, सुटलो!" त्याच आठवड्यात खात्याचा निरोप आला. रजा संपली नव्हती, नोकरीच संपली होती. "खलास," एवढंच म्हणाले. ओळखपत्र जमा केलं, भाडेकरू हलल्यावर किल्ली घरमालकाला देऊन आले आणि सांगलीला गेले. या खेपेला इन्शाल्ला काही म्हणाले नाहीत.

परवा शुभांगीचा फोन आला. सांगलीतलं घर त्यांचं स्वतःचं, त्यात तिघांशिवाय कोणी नाही.

"दार दिवसभर उघडंच असतं हो," ती सांगत होती. "तरी हे बेल वाजवून बाहेर उभे राहतात. पोरगी आतून ओरडते, 'पपा, इट्स ओपन!' तरी नाही. कोणीतरी 'या' म्हणेपर्यंत आत पाऊल टाकत नाहीत."