पिठाच्या गोळ्या

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. बेंबळीपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी शाळेवर होते. वय बावीस-तेवीस, माहेर तुळजापूरचं. गावात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच, त्यामुळं कुणाचं पत्र वाचून दाखव, कुणाचा अर्ज लिहून दे, हेही माझ्याकडंच यायचं. उन्हाळा तोंडावर आला की माझे वर्ग निम्मे रिकामे व्हायचे. सुट्टी लागायच्या आधीच. कारण एकच, नारू.

आता तो कुणी पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पायावर आधी एक फोड यायचा. आत निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. माणूस धावत जाऊन पाय पाण्यात बुडवायचा, की फोड फुटायचा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं किड्याचं टोक बाहेर यायचं. किडा चांगला हात-दीड हात लांब. ते टोक काडीला गुंडाळून ठेवायचं आणि रोज दोन-तीन बोटं, तेवढंच हळूहळू ओढायचं. घाई केली आणि दोरा तुटला, तर पाय सुजून पिकायचा आणि माणूस महिना-दोन महिने अंथरुणाला. घरटी एकाच्या तरी पायाला काडी असायचीच. त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

त्या वर्षी सुट्टीच्या तोंडावर एक जीप आली. जीपमधून एक डॉक्टर उतरले, पुण्याकडचे, तिशीतले, अंगानं किरकोळ. बरोबर एक कंपाउंडर आणि तीन-चार लाकडी पेट्या. शाळेतच मुक्काम करायचा ठरला. संध्याकाळी चावडीपुढं सगळं गाव जमलं. डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "नारूवर एक नवीन औषध निघालंय. ते लागू पडतं की नाही, मला माहीत नाही. तेच बघायला आलोय."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारबाबा काठी टेकत उठले.

"डाक्टरसाब, तुमालाच म्हाईत न्हाय म्हनता, मग आमी कुनाला इचारावं?"

"कुणालाच माहीत नाही, बाबा. तुम्ही मदत केलीत तर कळेल. नाहीतर नाही कळणार."

मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. ते वाक्य मला आजही आठवतं. आजवर आमच्या गावात वैदू आले, फकीर आले, लस टोचणारे आले, पुढारी आले. त्यांतल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक असायचं. मला माहीत नाही म्हणणारा शहाणा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

पुढं ते जे बोलले त्यानं मात्र गलका झाला. ते म्हणाले, गोळ्या दोन तऱ्हेच्या आहेत. रंग, चव, आकार सगळं एकसारखं. एकीत औषध आहे, दुसरीत नुसतं पीठ. निम्म्या लोकांना ही मिळेल, निम्म्यांना ती. डब्यांवर फक्त आकडे. कुठल्या आकड्यात काय आहे त्याची यादी लाखेनं बंद करून त्यांच्या वरिष्ठांकडं शहरात ठेवली आहे. "मलाही ठाऊक नाही आणि हे कंपाउंडर आहेत त्यांनाही नाही. कारण मला ठाऊक असलं, तर माझे डोळे मला फसवतील. औषधवाल्याचा पाय मला उगाचच बरा दिसायला लागेल."

"आन पिठाच्या गोळीनं काय व्हनार?" कुणीतरी ओरडलं.

"काहीच होणार नाही. पण काही जणांचा नारू आपोआपच लवकर निघतो, हे तुम्हीच बघता. मग औषधानं निघाला की आपला आपण, ते कसं ओळखायचं? म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं. जखमेची मलमपट्टी सगळ्यांची रोज होईल. ज्याला सोडून जायचंय त्यानं कधीही जावं, मी कारण विचारणार नाही."

त्या दिवशी एकानंही नाव दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पेटीतून सूक्ष्मदर्शक काढून शाळेच्या ओट्यावर ठेवला. बारवेच्या पाण्याची घागर मागवली. आमच्या बारवेला उतरायला पायऱ्या होत्या. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या, पायात आग होणारी माणसंही तिथंच पाय सोडून बसायची. डॉक्टरांनी त्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही आधी बघा."

मी डोळा लावला. उजेडाच्या वर्तुळात एक जीव झटके देत पोहत होता. कपाळावर एकच डोळा, मागं फाटलेली शेपटी. त्याच्या काचेसारख्या पोटात वेटोळं करून एक बारीकसा दोरा वळवळत होता.

"तो दोरा म्हणजे नारू," डॉक्टर म्हणाले. "पाय पाण्यात घातला की नारू तिथं पिल्लं सोडतो. हा किडा ती गिळतो. तुम्ही पाण्याबरोबर हा किडा पिता. वर्षभरानं त्यातलं पिल्लू मोठा नारू होऊन पायातून निघतं."

मी त्या गावात दोन वर्षं तेच पाणी पीत होते. माझ्या मागून सगळं गाव रांगेनं येऊन बघून गेलं. एक बाई तर नमस्कार करून मागं सरली, देवाला करावा तसा.

त्या रांगेत चाची होती. चाची म्हणजे आमची बांगड्यावाली. चाळिशीच्या पुढची, उंच, कपाळावर गोंदण नसलेली गावातली बहुधा एकटीच बाई. नवरा गेल्यावर बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ती पंचक्रोशीतली दहा गावं पायी फिरायची. पाटलाच्या घरात जेवढी आतपर्यंत जायची, तेवढीच महारवाड्यात. सगळ्या बायकांचे हात तिच्या हातातून गेलेले. त्या वर्षी तिच्या घोट्यावर दोन फोड आले होते, चालणं बंद पडलं होतं.

तिनं डोळा लावून बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मास्तरीणबाई, डाक्टरांच्या कागदात काय लिवलंय ते मला वाचून दावा. त्येंच्या भाषेत नगं, तुमच्या जबानीनं सांगा."

मी एकेक ओळ सांगितली. तिनं मधेच थांबवलं, "कवाबी सोडता येतं, हे लिवलंय का नुसतं बोलनं हाय?"

"लिहिलंय."

"मग लावा अंगठा. पयला नंबर माजा."

चाचीनं अंगठा दिला, तशा बाकीच्या बायकाही नाव द्यायला पुढं आल्या. परक्या पुरुषाला पाय दाखवायचा कसा, हा त्यांचा खरा अडसर होता. तेव्हा मी पट्टी सोडायला बसायची, डॉक्टर लांबून बघायचे आणि सांगायचे. जुनी माणसं कागदावर उर्दूत सही करायची. निजामाच्या काळात शिकलेली ती अक्षरं त्यांनी किती वर्षांनी काढली असतील कोण जाणे.

मग एके सकाळी पाटील आले. त्यांच्या सुनेला नारू झाला होता. पाटील खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "डाक्टर, सुनंला खरी गोळी द्या. जे काय लागंल ते बोला."

"पाटील, खरी कुठली ते मला माहीत असतं तर दिली असती की नाही, तेही सांगवत नाही. पण माहीत नाही, हे खरं आहे."

"आसं कसं? पेट्या तुमच्या."

"पेट्या माझ्या, यादी नाही."

पाटील उठून गेले. शेवटी सुनेला घेऊन आले. तिच्या आधी रांगेत मांगवाड्यातली एक म्हातारी होती. तिला जी डबी मिळाली, तिच्या पुढच्या आकड्याची पाटलाच्या सुनेला मिळाली. नोंदवही माझ्याकडं होती, मी दोन्ही आकडे लिहिले. त्या गावात पाटलाला आपल्या मनासारखं करून घेता आलं नाही, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याच नडगीवर फोड आला.

इतके दिवस मी सगळ्यांना समजावत होते, भिऊ नका म्हणत होते. आता रात्रभर आग सोसून सकाळी शाळेच्या ओट्यावर गेले आणि मनात पहिला विचार आला तो असा, आपल्याला पिठाची नको. मला स्वतःची लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मलमपट्टी होईलच." मी स्वतःच तो कागद पुन्हा वाचला, जणू पहिल्यांदा वाचत होते तसा, आणि सही केली. डबी घेतली आणि पहिली गोळी तिथंच गिळली.

माझा नारू दहा-बारा दिवसांत निघाला. सूज फारशी आली नाही. काडीला गुंडाळलेला अख्खा दोरा कंपाउंडरनं बाटलीत घातला, तेव्हा मला रडू आलं.

चाचीचे दोन्ही मात्र अडून बसले होते. एक तुटला. घोटा भोपळ्यासारखा सुजला, ताप भरला. डॉक्टर दिवसातून दोनदा तिच्या घरी जायचे, जखम धुवायचे, तापाचं औषध द्यायचे. शेजारणी सांगायच्या, "चाची, सोड ते खूळ. तुला पिठाचीच दिलीया. बिब्बा लाव." डॉक्टरांनीही तिला माझ्यासमोर विचारलं, "थांबायचं का? तुमच्यावर कसलंही बंधन नाही."

चाची भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे पडलेले. म्हणाली, "मी सोडल्यावर माजं लिवलेलं वाया जानार का?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सोडलंत एवढंच लिहिता येईल. पुढचं कळणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. जखम तर तुमी धुताच की."

मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बरी झालेली, तिच्या पायाशी पट्टी धरून बसले होते. मला तिच्याकडं बघवेना. तिचा पाय बरा व्हायला पाऊसकाळ उजाडला.

डॉक्टर पेट्या घेऊन गेले. लोक म्हणाले, आता कुठला येतोय. पण सुगी संपता संपता जीप पुन्हा आली. हातात तो लाखेचा लिफाफा, आता फोडलेला. चावडीपुढं त्यांनी निकाल सांगितला. औषध घेतलेल्यांचा नारू साधारणपणे लवकर निघाला, सूजही कमी आली. पण सगळ्यांचा नाही. काहींना औषध मिळूनही त्रास झालाच. "औषध चांगलं आहे, पण मोठं नाही," ते म्हणाले. "खरं औषध म्हणजे पाणी फडक्यानं गाळून पिणं आणि बारवेच्या पायऱ्या बंद करणं." मग ज्याला हवं त्याला त्याची डबी कुठली होती ते सांगायला बसले.

पाटलाच्या सुनेला पीठ मिळालं होतं, तरी ती लवकर बरी झाली होती. मला औषध मिळालं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं, कारण पुढचं मला कळून चुकलं होतं.

"चाची," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गोळ्या पिठाच्या होत्या."

शेजारणी कुजबुजल्या. चाची आधी हसली. मग तिनं पदर सावरला. मला वाटलं, आता ही रागावणार, आणि तिचा तो हक्कच आहे.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "औषध न्हाय मिळालं तर किती दिस लागत्यात, ते माज्या पायानं सांगितलं. व्हय ना?"

"हो."

"आन ते कळल्याबिगर मास्तरीणबाईंच्या पायाचं कायबी कळलं नसतं."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. आधी त्यांना ही एवढी गोष्ट गावाला समजावताना घाम फुटला होता. चाचीनं ती दोन वाक्यांत सांगितली. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकले होते, वर्गात विज्ञान शिकवत होते. अंगठा उठवणाऱ्या त्या बाईसमोर मला पहिल्यांदा कळलं, विज्ञान काय असतं ते.

बारवेच्या पायऱ्या पुढं चिरे लावून बुजवल्या, वर रहाट बसला. त्याला बरीच भांडणं आणि दोन वर्षं लागली. औषधाचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. नारू मात्र हळूहळू कमी होत गेला.

निकालाच्या त्या दिवशी सगळे पांगल्यावर डॉक्टरांनी मला सांगितलं, आता आमची दुसरी तुकडी तामलवाडीच्या बाजूला आहे, डोळ्यांच्या खुपऱ्यांवर मलम तपासायला. तिकडंही बायका पुढं येत नाहीत. आणखी कुठं क्षयाच्या रोग्यांना घरीच ठेवून गोळ्या देऊन बघतायत. ते बोलत होते आणि मी थक्क होऊन ऐकत होते. आमच्यासारखी किती गावं, किती चावड्या, किती माणसं अंगठा देत असतील, कधी एकमेकांना न बघता.

चाची आपली बांगड्यांची पेटी उचलायला आली होती, तिनं ते ऐकलं.

"तामलवाडीला माजी थोरली दिली हाय," ती म्हणाली. "तिच्याकडं गेले की तितल्या समद्या बायका माज्याकडनंच बांगड्या भरत्यात. मला बी संध्याकाळचं डोळं चुरचुरत्यात. बघा बरं."

डॉक्टरांनी तिची पापणी उलटून बॅटरी मारली. "खुपऱ्या आहेत, चाची."

"मग मला घेऊन चला. मी बोलते त्येंच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीपमध्ये पुढं बसली, बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन. कंपाउंडर मागं पेट्यांवर बसला. गाडी सुरू झाली तशी बांगड्या खळखळल्या. मी फाट्यापर्यंत मागोमाग चालत गेले आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभी राहिले.