मठातलं त्रिशरण

सासूबाई दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बहरीनला आल्या, पण त्यांना ना समुद्र बघायचा होता ना मॉल. नातीने एकदा विहारात हात जोडून त्रिशरण म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. आता आम्ही राहतो त्या सनाबिसमधून विहारात जायचं म्हणजे थेट विमानच पकडायला हवं. नात इंग्रजी शाळेतली. आजीने विषय काढला की "लेटर, आजी" म्हणून पुढे ढकलायची. रोज सकाळी सासूबाई हॉलमध्ये त्रिशरण म्हणत, दम लागला की मधेच थांबून खोकत, आणि ही समोर कॉर्नफ्लेक्स खात मोबाइल बघत बसे. त्यात सासूबाईंनी जाहीर केलेलं की या दम्यापायी आता पुन्हा विमान नाही.

त्यांच्या जाण्याला दोनच दिवस उरले तेव्हा नवऱ्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. मुहर्रक बेटावर कबरस्तानात, जुन्या मशिदीच्या ढिगाऱ्याखाली एक प्राचीन मठ सापडला होता. ओळीने छोट्या खोल्या, जाड भिंती.

"ही तर आपल्या लेण्यांसारखीच. भिक्खू राहत असणार इथे," सासूबाई म्हणाल्या.

मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांवर ओरडणारा माझा नवरा आईपुढे फक्त मान हलवतो. तीच त्याने हलवली. फोटोखालची बातमी मीही वाचून दाखवली नाही. जाता जाता त्यांचा हिरमोड करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं पांढरेशुभ्र कपडे घालून, मेणबत्त्या, अगरबत्ती आणि मोगरा घेऊन तिथे पोहोचलो. नातीने फलक वाचला आणि एरवी न सुचणारं मराठी तिला नेमकं तेव्हाच सुचलं. "आजी, हे ख्रिश्चन होते. बुद्धिस्ट नाही."

नवरा एकदम भिंतीच्या बांधकामाचा अभ्यास करू लागला.

"बायकामुलं?" सासूबाईंनी विचारलं.

"नव्हती," नातीने फलकावर बघत सांगितलं.

"मग रांधायचं कोण?"

"तेच. ते बघ, किचन."

सासूबाईंनी गुडघ्याएवढ्या भिंतीकडे बराच वेळ बघितलं. "घरदार सोडून या वाळूत राहिले बिचारे. मग परके कसले?" त्यांचा मुलगा वीस वर्षं याच वाळूत राहतोय, त्याला मात्र त्या कधी बिचारा म्हणाल्या नव्हत्या.

मी मेणबत्ती काढली तोच रखवालदार आला. "फोटो निकालो, अम्मा. मोमबत्ती मफी." मफी म्हणजे नाही, तेव्हा मेणबत्ती पिशवीत परत गेली.

"आता म्हण," सासूबाई नातीला म्हणाल्या. आता "लेटर" ऐकू येणार, असं मला वाटलं. या दोघींना पुन्हा "लेटर" मिळणार नव्हतं.

नातीने हात जोडले आणि खरंच म्हणायला लागली. आम्ही दोघं नवरा-बायको मागून शब्द चाचपडत होतो. पहिली फेरी संपल्यावर ती थांबली, दोनदा हलकेच खोकली आणि मग दुसरी सुरू केली. तिसरीआधीही तसंच.

परतताना गाडीत मी तिला विचारलं, "घसा बरा नाही का गं?"

"नो, मम्मा. तिथे खोकायचं असतं. आजी रोज खोकते."

मी हसणार होते, पण सासूबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं.

"हो, तिथे खोकायचंच असतं," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.