सावित्रीआज्जी कधी नव्हतीच

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. हाताला सलाईन, नाकात नळी, आणि सुनंदा मगदूम केसपेपरच्या पाठीवर काहीतरी लिहीत बसलेली. मला बघताच ओरडली, "दिन्या, ये की लवकर! ही सिस्टर केरळची हाय. थोरल्या बहिणीला चेच्ची म्हणत्यात त्यांच्यात. आता मलाच चेच्ची म्हणाय लागलीया!" सिस्टर लाजून हसत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट नक्की ह्याच न्हवं?" त्यानंतर पाचव्या दिवशी सुनंदाच्या विद्यार्थिनीचा, रूपालीचा, फोन आला. "सर, मॅडम गेल्या." मी नुसतं 'बरं' म्हणालो. माझं हे असंच. नको तिथं गप्प बसण्यातच माझी हयात गेली. आज दीड महिन्यानं लिहितोय ते त्यासाठीच… एकदा तरी गप्प बसू नये म्हणून.

आम्ही भाषाशास्त्राला एका वर्गात होतो, इथंच, कोल्हापुरात. ती कबनूरची. घरात यंत्रमाग, त्यामुळे आवाज कायम टिपेचा. आजी कन्नड बोलायची, गल्ली मराठी, कामगार हिंदी. तीन भाषा तिला फुकट मिळालेल्या, तरी हाव सुटत नव्हती. सकाळी रशियनचा वर्ग, संध्याकाळी जपानीचा, मधल्या वेळेत आमचं एम. ए. 'क' म्हटल्यावर तोंडापुढची मेणबत्ती हलत नाही आणि 'ख' म्हटल्यावर फडफडते, हे सरांनी वर्गात दाखवलं, त्या दिवशी तिनं मेसमधल्या सगळ्यांना मेणबत्तीपुढं बसवून ख, घ, छ म्हणायला लावलं. भाकऱ्या करपल्या. मेसवाल्या काकू ओरडल्या, "अगं, तुझ्या शिक्षणापायी पोरं उपाशी मरतील!" आणि मग स्वतःच पदर खोचून मेणबत्तीपुढं बसल्या. मी मुरगूडचा, मुखदुर्बळ. तिच्याबरोबर असलं की वाटायचं, आपल्याला कान आत्ताच आलेत. रस्त्यावरचं, एसटीतलं, रंकाळ्यावरचं प्रत्येक माणूस म्हणजे न उघडलेलं पुस्तक!

तिला सगळ्यात वेड होतं नात्यांच्या शब्दांचं. "इंग्रजाला मामा बी अंकल, चुलता बी अंकल, आत्याचा नवरा बी अंकल! मग लग्नात मानाचा फेटा कुणाला बांधायचा रं?" एम. ए.च्या प्रबंधाला तिनं सीमेवरची अकरा गावं घेतली. आईच्या बहिणीला मावशी म्हणायचं कुठं थांबतं आणि कन्नड दोडव्वा-चिगव्वा, म्हणजे थोरली आई-धाकटी आई, कुठं सुरू होतं, याचा तिला नकाशा करायचा होता. दहा गावं तिनं स्वतः पालथी घातली. परीक्षा तोंडावर आली तेव्हा अकरावं माझ्याकडं दिलं. "एकच देते बाबा. तू लाजाळू हाईस."

मी त्या गावी गेलोच नाही.

निघालो होतो. पण अनोळखी दारात उभं राहायचं, कुणा बाईला 'तुम्ही तुमच्या आईच्या बहिणीला काय म्हणता' असं विचारायचं, हे मला जमणारं नव्हतं. वाटेतच मुरगूडच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला आणि बाकड्यावर बसून अर्ध्या तासात सगळा तक्ता भरला, आमच्या घरात बोलतात तसा. तीन माणसं मनानं तयार केली. त्यातली एक सावित्रीआज्जी, वय सत्तर, अक्षरओळख नाही. आईची थोरली बहीण? मावशी. धाकटी? मावशीच.

तक्ता बघून सुनंदा नाचायची बाकी राहिली. आजूबाजूला सगळीकडं दोडव्वा, आणि मधेच एका गावात मावशी! हे बेट कसं तयार झालं? कुठल्या गावाशी सोयरिकी होत असतील? तिनं अख्खा प्रबंध त्या एका गावाभोवती रचला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच भागातले. म्हणाले, "मला हे पटत नाही. नोंद तपासा." सुनंदा ताडकन म्हणाली, "नोंद खरीच हाय सर. आमच्या माणसानं समोर बसून घेतलीया." मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. आत जायला चार पावलं लागली असती. परीक्षकांना तो हट्ट वाटला, गुण कापले गेले. भाषाशास्त्र शिकायला परदेशी जायच्या जागेसाठी आमचे सर तिचं नाव पाठवणार होते, त्यांनी माझं पाठवलं. मी गेलो. परत येऊन प्राध्यापक झालो. ती कबनूरला शाळेत शिकवत राहिली आणि सुट्टीत शब्द गोळा करत राहिली. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात तिनं विचारलं, "आपली सावित्रीआज्जी हाय का रं अजून?" मी म्हणालो, "वारली." सुनंदाचे डोळे भरले. "एक टेप तरी करायला पायजे हुती रं…"

जी कधी जगलीच नाही, तिला मी मारलं. आणि सुनंदानं तिचं दुःख केलं.

गेल्या पंधरवड्यात रूपाली आली. मॅडमचा नात्यांच्या शब्दांचा कोश छापायचा आहे, प्रस्तावना तुम्हीच लिहा म्हणाली. हस्तलिखितात ते गाव होतं, मावशी होती, खाली सावित्रीआज्जी. म्हणजे माझं खोटं आता सुनंदाच्या नावानं कायमचं छापलं जाणार होतं. रूपालीला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडं न बघता हस्तलिखित मिटलं. मग म्हणाली, "सर, गाव तिथंच असंल की. चला."

गेलो. पहिल्याच घरापुढं एक म्हाताऱ्या बाई मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. "कुणाकडं आलायसा, पावणं?" मी म्हणालो, "तुमच्याकडंच." आणि विचारलं.

"थोरली दोडव्वा, धाकटी चिगव्वा. आणि काय असतंय?"

"मावशी?"

"ते तुमा शेरातल्यांचं."

बेट नव्हतंच. पण खरं सांगतो, अंगावर काटा आला, आनंदानं! खरा शब्द समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकण्यात काय थरार असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्यांनाही खरं काय ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तीस वर्सं? आणि गाव काय पळून चाललं हुतं व्हय?"

रूपालीनं पिशवीतून सुनंदाची वही काढली. त्या गावाच्या पानावर, तिच्या तिरप्या अक्षरात, 'सावित्रीआज्जीला अजून विचारायचं' असं लिहून खाली सात प्रश्न होते. त्यांच्याखाली एकच शब्द, 'राहिलं'.

मी चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न वाचला. बाईंनी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं.

"आधी बस की खाली. उभ्या उभ्या काय सांगायचं?"

मी बसलो.