मॅनेजरची खुर्ची परत करताना

"म्हणजे तुम्हाला डिमोशन हवंय?" आमचे विभागप्रमुख जोगळेकर सर यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डिमोशन नको, सर. मला माझं जुनं काम परत हवंय."

"आणि पगार?"

"तो आत्ताचाच हवा."

सरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत लोक या केबिनमध्ये प्रमोशन मागायला आले, भांडायला आले, रडायलाही आले. हे नवीन आहे. बसा, प्रज्ञा."

मी बसले. 

आमची कंपनी भोसरीत आहे. आम्ही पंप बनवतो. सोसायटीच्या टाकीचे नव्हेत, अख्ख्या गावाला पाणी चढवणारे. मी व्हायब्रेशनची इंजिनिअर. फिरणारं प्रत्येक मशीन थोडंफार थरथरतंच. त्या थरथरीला आम्ही व्हायब्रेशन म्हणतो. ती मर्यादेत असली तर मशीन बरीच वर्षं चालतं. वाढली की बेअरिंग जातात, शाफ्ट वाकतो आणि शेवटी पंप बंद पडतो. मशीनला सेन्सर लावायचा, लॅपटॉपवर येणारा ग्राफ वाचायचा आणि थरथर कशामुळे वाढली ते शोधायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं.

मग मला मॅनेजर केलं.

त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. आमच्याकडे पगाराचे बँड असतात. बँड म्हणजे इमारतीचे मजले समजा. इंजिनिअर एका मजल्यापर्यंत चढतो आणि तिथे त्याला छत लागतं. त्याच्या वर जायचं तर एकच जिना, मॅनेजर व्हायचं. मी छताला टेकले होते. कर्वेनगरच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते, मुलीची फी दरवर्षी वाढत होती. माझे यजमान मिलिंद कॉलेजात शिकवतात, पण अजून कायम झालेले नव्हते. वाढीव पगार आम्हाला हवाच होता. मी आनंदाने हो म्हणाले. वारज्याला राहणाऱ्या माझ्या वडिलांनी तर दोन दिवसांत सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

मी वाईट मॅनेजर होते असं कुणी म्हटलं नाही. रजा वेळेवर मंजूर करत होते, बजेट भरत होते, रिव्ह्यू मीटिंगला स्लाइड्स घेऊन जात होते. एसीखालच्या टेबलावरून दोघांचं भांडण झालं, तेही मिटवलं. पण सेन्सर कपाटात गेला आणि ग्राफ दुसरेच वाचायला लागले. रविवारची संध्याकाळ झाली की मला आपोआप गप्प बसावंसं वाटायचं. घरात मी नुसती हं हं करत होते. हे मला मिलिंदनी नंतर सांगितलं.

त्याच सुमारास हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा फोन आला. मशीनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर ते बनवत होते. पगार चांगलाच जास्त. पद कुठलं? मॅनेजर. म्हणजे तेच दुखणं जास्त पैशात, वर जायच्या-यायच्या ट्रॅफिकसकट. तरी मी नाही म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हटलं.

तेवढ्यात एका नगरपालिकेची तक्रार आली. त्यांच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या ज्या विहिरीतून गावासाठी पाणी उचलतात तिथे, आमचा पंप भयंकर हलत होता. मी टीममधल्या दोघांना पाठवलं. त्यांनी बॅलन्सिंग केलं. कारच्या चाकाला टायरवाला शिशाचे तुकडे चिकटवतो ना, तसाच हा प्रकार. फिरणाऱ्या भागाचं वजन सगळीकडे सारखं करायचं. चार दिवस बरे गेले आणि पंप पुन्हा हलायला लागला. त्यांनी परत जाऊन परत बॅलन्सिंग केलं. पंप परत हलला. तिथला दुसरा पंप आधीच दुरुस्तीला उघडलेला होता. हा बंद पडला असता तर गावाला थेंब मिळाला नसता.

त्यांनी पाठवलेले ग्राफ मी बजेटच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोनवर बघितले. मला ते बॅलन्सिंगचं दुखणं वाटेना. शनिवारी मी स्वतःच निघाले. बरोबर निखिल होता. माझ्या टीममधला सीनियर, बोलका आणि कुणाशीही पटकन जमवून घेणारा.

नगरपालिकेचे पाणीपुरवठा इंजिनिअर दारातच उभे होते. "मॅडम, हा बघा कसा हलतोय," त्यांनी पंपाकडे बोट केलं. जमीनसुद्धा पायाखाली गुणगुणत होती.

"साहेब, मला हा थोडा वेळ बंद करून हवाय."

"बंद? अहो, आज पाणी सोडायचा वार आहे. बंद केला तर नगरसेवक माझ्या घरी जेवायला येतील."

निखिलनी त्यांना बाजूला नेलं.  टाकीत पाणी किती आहे ते विचारलं, दोन टँकर उभे करायला लावले, वॉर्डांची वेळ मागेपुढे करवून घेतली. थोड्या वेळाने ते साहेब स्वतःच म्हणाले, "करा बंद."

पंप थांबल्यावर मी मोटरला सेन्सर लावला आणि रबरी डोक्याच्या हातोडीने तिला एक ठोका दिला. हे कशासाठी? प्रत्येक वस्तूची हलायची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याचं घ्या. त्याच्या लयीत हळूच ढकललं तरी तो उंच जातो, लय सोडून कितीही जोर लावा, जात नाही. मशीनचा फिरायचा वेग आणि त्याची ही लय जुळली की जराशा धक्क्यानेही ते जोरात हलतं. याला रेझोनन्स म्हणतात. तिथे वजन कितीही सारखं करा, फार दिवस उपयोग होत नाही.

ग्राफवर टोक आलं ते नेमकं पंपाच्या वेगाला चिकटून.

पण पंप बसवला तेव्हा असं नव्हतं. मग लय बदलली का? मी खाली बसून पायाची लोखंडी प्लेट ठोकत गेले. तीन बाजूंना भरीव आवाज. नदीकडच्या बाजूला पोकळ. प्लेटखाली काँक्रीटसारखा भरणा असतो, तो आतून सुटला होता. पाया सैल झाला तशी पंपाची लय खाली आली आणि वेगाशी जाऊन जुळली.

भरणा लगेच होणार नव्हता. तोवर मोटरच्या स्टँडपासून भिंतीच्या बीमपर्यंत लोखंडी अँगलचे आधार द्यायचे ठरवलं. शनिवारी दुपारी वेल्डर आणि अँगल कुठून मिळणार याची मला धास्ती होती. निखिलनी फोन फिरवून दोन्ही आणले, वेल्डरला चहासुद्धा पाजला. उन्हं उतरायच्या आत पंप चालू केला. साहेबांनी मोटरवर तळहात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"मॅडम, चालू आहे ना नक्की?"

इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. परतताना मी निखिलला रेझोनन्स समजावत होते आणि तो मला सांगत होता, "मॅडम, मला खरं तर ते टँकरचं जमवायला जास्त मजा आली." मी त्याच्याकडे बघतच राहिले. जे मला नको नको व्हायचं, ते करताना हा माणूस खूश होता.

घरी जेवताना मी पंपाचीच गोष्ट सांगत होते. मिलिंद म्हणाले, "आज जेवताना आवाज आहे घरात."

मग मी सगळं बोलून टाकलं. हिंजवडीचं, खुर्चीचं, सगळं.

"पगार कमी करून जुनं काम मागू का?" मी विचारलं.

"कमी का करायचा? आजचं काम कमी किमतीचं होतं का?"

या एका वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. तोवर मी मनातल्या मनात त्यागाची तयारी करत होते.

तर अशी मी सोमवारी सरांच्या केबिनमध्ये पोचले होते. सगळं ऐकून सरांनी मुद्दाम विचारलं, "आणि मी म्हटलं की काम घ्या, पण पगार जुना?"

"मग मला हिंजवडीचा विचार करावा लागेल, सर. मला तिकडे जायचं नाहीये. पण घर चालवायचंय."

"बरं झालं, स्पष्ट बोललात. फुकटचा त्याग करणारी माणसं मला परवडत नाहीत. सहा महिन्यांनी तोंड पाडून बसतात." मग म्हणाले, "तुमच्या खुर्चीत कोण?"

"निखिल. त्याला माणसं आवडतात."

"आणि तुम्हाला?"

"मलाही आवडतात, सर. पण मशीननंतर."

ते हसले. मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलं होतं.

एचआरच्या शर्वरी मॅडमनी लगेच सांगितलं, "सर, मॅनेजरच्या बँडमध्ये टीम नसलेला माणूस बसतच नाही. तसा ग्रेडच नाहीये."

"मग बनवा," सर म्हणाले. "ग्रेड काही आकाशातून पडत नाहीत. तुम्हीच बनवता ना?"

शर्वरी मॅडमना राग आला असणार. तरी आठवडाभर बसून त्यांनी प्रस्ताव लिहिला, आणि चांगला लिहिला. सर तो घेऊन एमडींकडे गेले आणि मलाही बरोबर नेलं. एमडींचा पहिलाच आक्षेप होता, "हे केलं तर उद्या सगळेच मागतील."

"मागू देत," जोगळेकर सर म्हणाले. "ज्यांच्याशिवाय पंपाची थरथर थांबत नाही त्यांना देऊ, बाकीच्यांना नाही म्हणू. नाही म्हणण्याचा पगार मला मिळतोच की."

एमडींनी तासभर उलटसुलट विचारलं. शेवटी प्रिन्सिपल इंजिनिअर असा नवा ग्रेड मंजूर झाला. पगार मॅनेजरचाच. त्या वर्षीची वाढ मात्र मिळाली नाही आणि केबिन गेली. वाढ गेली ते लागलं. केबिनचं काही नाही. हिंजवडीला त्याच दिवशी नाही कळवलं.

वडिलांना सांगायचं सगळ्यात अवघड वाटत होतं. पोस्टात क्लार्क होते ते, निवृत्त झालेले. मी शिकावं म्हणून त्यांनी स्वतःच्या कितीतरी गोष्टी राहू दिल्या. मी मॅनेजर झाल्याचा आनंद माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होता. मी एका रविवारी वारज्याला गेले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे आता मॅनेजर नाहीस?"

"नाही, पप्पा."

"पगार?"

"तोच."

त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "आपल्या सोसायटीत मॅनेजर लेकी चार. बाकी तिघी काय करतात, ते त्यांच्या आईबापांनाही सांगता येत नाही. तू गावाला पाणी देतेस. सांगायला सोपं." आणि आत वळून आईला म्हणाले, "अगं, चहा टाक. हिचं काम परत मिळालंय."

नगरपालिकेच्या पायाचा भरणा पावसाळ्याआधी झाला. निखिल आता आमचा मॅनेजर आहे. माझ्या रजा तोच मंजूर करतो आणि मी होते त्यापेक्षा तो त्या खुर्चीत कितीतरी बरा आहे. नव्या ग्रेडमध्ये माझ्यानंतर आणखी दोघं आले. मागणाऱ्या बाकीच्यांना सरांनी ठरल्याप्रमाणे नाही म्हटलं. गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार कसले? तुम्ही गेला असतात तर मला तो पंप स्वतः ठोकत बसावं लागलं असतं."

नव्या मुली, मुलं मला विचारतात, मॅडम, पगार बघायचा की समाधान? मी सांगते, आधी नेमकं कशात समाधान आहे ते शोधा, मग त्याचा पूर्ण पगार मागा, आणि ऐकून घेणारा साहेब मिळाला तर त्याचे उपकार विसरू नका. यातलं एकच मिळेल असं सांगणारा माणूस टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलाय, तेवढं मात्र आधी बघून घ्या.