चकली न घेणारा माणूस

समस्त मराठी पालकांच्या हितासाठी गांभीर्याने जाहीर करतो की चकलीमुळे मुलीचं कॉलेज हुकू शकतं.

इथे अमेरिकेतल्या डब्लिनला लेकीच्या टेनिस टूर्नामेंटमध्ये एक टोपीवाला कुंपणापाशी उभा असे. लहान डिव्हिजनच्या कॉलेजांचे कोच आमच्याशी मजेत गप्पा मारत. हा मात्र हात खिशात घालून नुसती मान हलवी आणि दोन पावलं सरके. मीही चकलीचा डबा पुढे करत त्याच्यामागे सरके. शेवटी मी मोठ्याने म्हणालो, "भलताच शिष्ट दिसतोय."

आजही त्या कुंपणाजवळून मी मान खाली घालून जातो. कारण लेक सर्व्हिस थांबवून सगळ्यांदेखत ओरडली होती, "बाबा, तो डिव्हिजन वनचा, सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजचा कोच आहे, टीमसाठी मलाच बघायला आलाय. ठरलेल्या तारखेआधी आपल्याशी बोलला तर त्यांचा रूल मोडतो. प्लीज, तो डबा बंद कर."