येळवशीला केलेली नक्कल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधे हसलात तर मी सांगायचा थांबेन. माणसाचं तोंड त्याला किती खोल खड्ड्यात घालतं, ते मी स्वतःच्याच तोंडावरून सांगतो.

बिदरला आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी हायस्कुलात मास्तर, सोबत आई. आईचे गुडघे गेलेले. बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण लिफ्टला किल्ली, आणि किल्ली फक्त घरमालकांना. हा कायदा मॅनेजर शिवराजअण्णाचा. का, तर भाडेकरू चढले की लिफ्टची दोरी झिजते म्हणे. आता मला सांगा, मालकाचं वजन काय कापसाचं असतं?

चार महिने भांडलो. मराठीत भांडलो, कन्नडात भांडलो, दखनीतही भांडून पाहिलं. अण्णा पोट पुढं काढून, बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत नुसती मान हलवायचा. आमचा घरमालक हैदराबादला. तो फोनवर म्हणायचा, थोडं ॲडजस्ट करा. इकडं आई चार महिने खाली उतरली नव्हती. खिडकीतून भाजीवालीशी बोलायची, तेवढाच तिचा बाजार. माझं डोकं इतकं तापलेलं, की आपल्याकडे नावाआधी गाव विचारतात, ते मी अण्णाला कधी विचारलंच नाही. चुकलं ते इथंच.

येळवस आली. त्या शेतपूजेच्या अमावस्येला आपल्याकडं घरात कोण थांबतं? सगळी बिल्डिंग कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला. आमच्या शाळेतल्या काशिनाथनं मला मंठाळजवळ त्याच्या शेतात बोलावलं. आई म्हणाली, तू जा, मला डब्यात ती सगळ्या भाज्यांची भज्जी आण. गेलो बापडा.

काशिनाथकडं पोटभर जेवलो, तर तो म्हणाला, शेजारच्या शेतातही दोन घास खावे लागतील, नाहीतर तिथली म्हातारी रागावते. तिथं पूजेला उभारलेल्या कडब्याच्या कोपीजवळ म्हातारीनं माझ्या हातात आंबिलीचा पेला दिला आणि मायेनं विचारलं, "मास्तर, तोंड कामून उतरलंय?"

झालं. सगळं ओकलो. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मी करून दाखवलं! काशिनाथच्या गाडीची किल्ली बोटात फिरवत, पोट पुढं काढून, कोपीभोवती फेरी मारली. दहा-बारा माणसं हसून लोळली. काशिनाथ मला डोळ्यांनी खुणावत होता. मला वाटलं, दाद देतोय.

म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आमचा थोरला बी असाच चालतोय बघा."

असले नग घरोघरी असतात, असं म्हणून मी आणखी एक फेरी मारली.

तेवढ्यात बांधापाशी जीप थांबली. आतून शिवराजअण्णा उतरला. आणि मागून, त्याचा हात धरून, माझी आई.

"अव्वा," अण्णा म्हातारीला, म्हणजे आपल्या आईला, म्हणाला, "ह्या माय वर एकट्याच बसल्या होत्या. येळवशीला कोण घरात बसतंय का? लिफ्टनं खाली आणलो."

मी पोट पुढं काढून तसाच उभा. आईच्या गुडघ्यांच्या नावानं चार महिने गल्लीभर ओरडलो, आणि सणाच्या दिवशी तिला वर सोडून आलो तो मीच. लाज वाटली हो, खरंच वाटली.

म्हातारीला मात्र भलताच उत्साह. "मास्तर, ते परत एकदा करून दाखवा की. ह्यानं बघितलं न्हाई."

मी करून दाखवलं नाही. पण माझ्या तोंडाकडं आणि पोराच्या हातातल्या जुडग्याकडं बघून म्हातारीला काय ते कळलं. तिनं तिथल्या तिथं लिफ्टची एक किल्ली काढायला लावली आणि आईच्या पदराला बांधली.

परवा वीस किलो ज्वारी खांद्यावर घेऊन लिफ्टपाशी आलो. आई आत शिरतच होती. म्हटलं, थांब, मी पण येतो.

तिनं दार ओढून घेतलं. "किल्ली मला शिवराजच्या अव्वानं पाहुणी म्हणून दिलीया. तू भाडेकरू हैस. ये जिन्यानं."