मावशीची वाकडी कव्हरं

आमची मावशी बाइंडिंगच्या कारखान्यात होती. वीस वर्षं. पुठ्ठा कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मालकसुद्धा गप्प बसायचा. अंगाला कायम खळीचा वास. आजही कुठे तो वास आला की मला तिची आठवण येते.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, धाकटा सहाचा. बाबांनी आईचा फोटो कपाटात ठेवला आणि मला बजावलं, "त्याच्यासमोर आईचं नाव काढायचं नाही. पोर खचेल." मी नाही काढलं. त्यानेही नाही काढलं. रडला नाही, हट्ट केला नाही; वर्गात बाईंनी विचारलं तरी चकार शब्द नाही. मला त्याची भीतीच वाटायला लागली होती.

मग मावशी आमच्याकडे राहायला आली आणि तिने सगळ्याचा विचका केला. माझी एक वेणी वर, एक खाली. शर्टांच्या घड्या उलट्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बाई वेड पांघरून बसली होती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

शाळा उघडायच्या आदल्या दुपारी ती वह्यांचा ढीग घेऊन जमिनीवर बसली. पहिलंच कव्हर तिरकं. दुसऱ्याला कागद पुरला नाही.

"अगं, तू बाइंडर ना?" मी फणकारले.

"कारखान्यात मशीन असतं बाई," ती म्हणाली.

तिसरी वही धाकट्याने तिच्या हातातून ओढून घेतली. "असं नाही. आई आधी कोपरे दुमडायची."

मी चपापून बाबांकडे पाहिलं. ते दारातच उभे होते.

"असं होय? मग दाखव की," मावशी म्हणाली. "मला कुठलं येतंय."

त्याने दाखवलं. कोपरे, मग कडा, मग नखाने घडी. दाखवता दाखवता बोलतच सुटला. आई लेबल चाटून चिकटवायची. चव घाणेरडी लागते म्हणून तोंड वाकडं करायची. आणि मग... तिथे तो अडला. "मग काय करायची? मला आठवत नाही." त्याचे ओठ थरथरायला लागले.

मावशीने मान वर केली. "सांगा की भावोजी. मला नाही माहीत."

बाबा आत येऊन खाली बसले. "मग ती माझ्या बाहीला जीभ पुसायची," ते म्हणाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा आमच्यादेखत हुंदके देऊन रडले.

धाकटा रडत रडतच त्यांच्या मांडीवर चढला. म्हणाला, "बाबा, अजून सांगा ना."